मांजरीची बदली

तुरीच्या पोत्याला कान लावून उभा असलेला माणूस मी पहिल्यांदा पाहिला तो अकोल्याच्या जुन्या शहरात, एका दालमिलच्या गोदामात. माझ्या नोकरीचा पहिलाच दिवस होता. काम नमुने तपासायचं. आलेल्या मालातून मूठभर तूर घ्यायची, ताटात पसरायची, खडे, फुटके आणि किडके दाणे निवडायचे, यंत्रावर ओल मोजायची. नमुना आणायला गोदामात शिरले, तर पोत्यांच्या दोन थप्प्यांमधल्या बोळीत खाकी शर्ट घातलेला एक उंच, वाळका माणूस पोत्याला गाल चिकटवून, डोळे मिटून उभा. मला वाटलं, चक्कर आली बिचाऱ्याला. मी "काय झालं हो?" म्हणून ओरडले, तसा त्यांनी हात वर करून मला गप्प केलं. मग सावकाश डोळे उघडून म्हणाले, "ताई, पयले हे पोतं पाहा. ह्याच्यात किडा बोलून राह्यला."

पोतं उसवलं. किडा होता. पदवी मी घेतली होती, यंत्र माझ्या टेबलावर होतं, आणि किडा सापडला त्यांच्या कानाला. पहिल्याच दिवशी नाक असं कापलं गेल्यामुळे मी पुंडलिकभाऊंवर आठवडाभर रुसले होते. त्यांना ते कळलंही नाही.

पुंडलिकभाऊ गोदामाचे सर्वेसर्वा. थप्प्या लावून घेणं, माल आत घेणं, बाहेर देणं, कुलूप लावणं, सगळं त्यांच्याकडे. एकतीस वर्षं त्याच गोदामात काढलेली. शाळा सातवीपर्यंत. पण डोक्यात एक किडा होता आणि तो सतत बोलत असायचा. त्यांच्या निम्म्या बोलण्यात "काहून", म्हणजे "का", असायचं. मुंग्या याच थप्पीला वळसा घालून काहून जातात? तराजू सकाळी एक वजन काहून सांगते अन् दुपारी दुसरं? मी माहेरची अमरावतीची, लग्न होऊन अकोल्यात आलेली, हे कळल्यावर तर त्यांना खाद्यच मिळालं. "अमरावतीच्या लोकायले अकोला गरम लागते, अन् अकोल्याच्या लोकायले अमरावती. मंग थंड कोनतं हाय? मले सांगा." मी म्हणायचे, "भाऊ, माझं काम होऊ द्या." ते म्हणायचे, "होईन नं काम. काम कुठं पळून चाललं?"

नुसतं विचारून ते थांबत नसत. तपासून पाहत. कडुलिंबाच्या पाल्यानं तुरीला किडा लागत नाही असं कोणी तरी सांगितलं, तर यांनी दोन बरण्यांमध्ये तूर भरून खिडकीत ठेवली, एकीत पाला, एकीत नाही. चार महिन्यांनी मला बोलावून दाखवल्या. किडा दोन्हीकडे होता. भाऊंना वाईट वाटलं नाही, उलट चेहरा खुलला. "पाहा बरं, पाल्यावालीत जास्त सुखात हाय. सावली भेटली नं त्याले."

या गोदामात एक मांजर होती. राखाडी, पट्ट्यांची, उजवा कान टोकाशी फाटलेला. पिल्लू असताना कोणत्या तरी ट्रकमधून उतरली आणि राहिली. भाऊंच्या लेखी ती गोदामाची नोकर. सकाळी कुलूप उघडलं की दाराशी रात्रीचे उंदीर ओळीनं मांडलेले असत, कधी दोन, कधी तीन. भाऊ वाकून ते पाहत, मान हलवत, आणि मगच स्टीलच्या वाटीत दुधात कुस्करलेली भाकर ठेवत. आधी नाही. "आधी हजेरी, मंग चहा." संध्याकाळी तिला काही मिळत नसे. पोट भरलेली मांजर रात्री झोपते, असं त्यांचं म्हणणं. तिला त्यांनी नाव ठेवलं नव्हतं. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "नाव घरच्यायले ठेवतेत. नोकराले काम ठेवा लागते." सहा वर्षांत त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवलेला मी तरी पाहिला नाही, कोणी पाहिला असेल असं वाटतही नाही.

मात्र शिस्त पुरेपूर लावली होती. गोदामातल्या मालावर तिनं कधी घाण केली नाही. लहानपणी एकदा चुनीच्या ढिगात बसली होती म्हणे. चुनी म्हणजे डाळ काढल्यावर उरलेला टरफलांचा भुगा. भाऊंनी तिला मानगुटीला धरून मागच्या मोकळ्या जागेत, काळ्या मातीत नेऊन ठेवलं. पुन्हा आली, पुन्हा नेलं. दिवसभर हेच. "त्या दिवशी माही ड्युटी फक्त मांजर वाह्याची होती." त्यानंतर ती मागच्या फळीच्या फटीतून बाहेर जायची, मातीत खड्डा करायची, झाकायची आणि कामावर परत.

एक दिवस मोठ्या शहरातल्या एका कंपनीची माणसं मिल पाहायला आली. मालक त्यांना डाळ विकायच्या खटपटीत होते. पांढऱ्या टोप्या घातलेल्या त्या मंडळींना थप्पीवर बसलेली मांजर दिसली आणि संपलं. खाण्याच्या मालाजवळ जनावर चालणार नाही. उंदरांसाठी भिंतीकडेनं औषधाचे डबे ठेवा. मालकांनी मान डोलावली. डबे आले, औषध आलं, आणि ते टाकायचं काम अर्थातच भाऊंकडे आलं.

औषध खाल्लेला उंदीर मांजरीनं खाल्ला तर मांजर जाणार, हे भाऊंना कोणी सांगायची गरज नव्हती. हमाल म्हणाले, बाळापूरच्या रस्त्याला सोडून देऊ, ट्रक तर रोज जातात. भाऊंनी हातातला चहा पूर्ण संपवला, कप विसळून पालथा ठेवला आणि म्हणाले, "नोकरी गेली म्हून कोनी रस्त्यावर टाकते का? बदली करू तिची." कुठे? "माह्या घरी."

घर म्हणजे मोर्णा नदीच्या पलीकडच्या नव्या वस्तीतला, दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. मुलगी लग्न होऊन अमरावतीला गेलेली, घरात भाऊ आणि निर्मलावहिनी दोघंच. निर्मलावहिनींना मांजर म्हणजे दुधात घातलेलं तोंड. त्यांनी फोनवर जे ऐकवलं ते अर्धं मलाही ऐकू आलं. भाऊ फोन कानापासून लांब धरून शांतपणे म्हणत होते, "हो. हो. बरोबर हाय तुवं. घेऊन येतो."

नदी ओलांडून नेलेलं मांजर वाट विसरतं, असं आमच्याकडे म्हणतात. भाऊंनी तिला बारदानाच्या पोत्यात घातलं, तोंड सैल बांधलं आणि स्कूटरवरून पुलावरून पलीकडे, परत अलीकडे, पुन्हा पलीकडे असं तीनदा नेलं. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, विश्वास आहे का यावर? म्हणाले, "नाही. पन खोटं असन तं मांजर मले सांगनच नं, वापस येऊन."

ती परत आली नाही. पण तिसऱ्या दिवशी भाऊ कामावर आले ते उतरलेल्या चेहऱ्यानं. एकही "काहून" नाही. मी खोदून विचारलं तेव्हा कळलं, घरी नेल्यापासून मांजरीनं शी नाही की शू नाही. दूध पिते, भाकर खाते, आणि नुसती बसून राहते. जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला, तर ते म्हणाले, आज संध्याकाळपर्यंत झाली नाही तर आणा, जिवावर बेतू शकतं. "तिच्यासाठी सोय चांगली केली हो मी," भाऊ म्हणाले. "इथूनच माल नेला. तिले सवयीचा वाटला पायजे म्हून."

दुपारच्या सुट्टीत मी त्यांच्याबरोबर घरी गेले. निर्मलावहिनींनी दार उघडलं आणि बाल्कनीकडे बोट केलं. बाल्कनीत एक घमेलं होतं, काठोकाठ भरलेलं, आणि त्याच्याशेजारी मांजर पुढचे पाय जुळवून, कान टवकारून बसली होती.

"सकायपासून अशीच बसून हाय माय," वहिनी म्हणाल्या. "मी जवळ गेली तं गुरगुरते. मले वाटते माह्याच घरात मलेच कोनी चौकीदार ठेवला."

घमेल्यात काय आहे ते मी वाकून पाहिलं. तुरीची चुनी! ताजी, गोदामातली, वासासकट.

मी भाऊंकडे पाहिलं. भाऊ मांजरीकडे पाहत होते. मग घमेल्याकडे. मग पुन्हा मांजरीकडे. त्यांच्या तोंडावर काय काय येऊन गेलं ते मला अजून आठवतं. आधी कौतुक, मग शंका, मग शरम. त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे बापा. थे राखन करून राह्यली नं! मालावर बसाचं नाही हे मीच तिले शिकवलं. अन् मीच मालाचं संडास करून देल्लं."

पोट दुखत असताना, दोन दिवस कळ काढत, तिनं ती चुनी राखली होती. हसू आलं, पण फार वेळ टिकलं नाही. भाऊ तोवर जिना उतरले होते. खाली अपार्टमेंटच्या आवारात सगळीकडे सिमेंटच्या फरशा, मातीचा कण नाही. ते समोरच्या रिकाम्या प्लॉटवर गेले, ढेकळं हातानं फोडून काळी माती पिशवीत भरली आणि धापा टाकत वर आले. चुनी काढली, माती ओतली. मांजरीनं वास घेतला, एका पंजानं खड्डा केला आणि बसली. आम्ही तिघं मोठी माणसं भिंतीकडे तोंड करून उभी राहिलो, कारण भाऊ म्हणाले, कोणी पाहिलं तर तिला अवघड वाटेल. ती बराच वेळ बसली होती. निर्मलावहिनी हळूच म्हणाल्या, "झालं वाटते बाई एकदाचं," आणि पदरानं डोळे पुसले. पाचव्या मिनिटाला त्याच मातीचे काळे पंजे त्यांच्या पांढऱ्या फरशीवरून स्वयंपाकघरापर्यंत उमटले, तेव्हा डोळे पुसायचं राहून गेलं आणि बोलणं सुरू झालं.

मग ती घरात रुळायला लागली. गोदामातल्या बातम्यांबरोबर मला मांजरीच्या बातम्याही मिळू लागल्या. आज कपाटावर चढली. आज टीव्हीवर पाल दिसली तर टीव्ही राखत बसली. निर्मलावहिनींनी तिचं नाव मनी ठेवलं, हे भाऊंनी मला जरा लाजतच सांगितलं. संध्याकाळचं दूधही सुरू झालं होतं. मी आठवण करून दिली की पोट भरलेली मांजर रात्री झोपते. "झोपू द्या नं," भाऊ म्हणाले. "आता तिले कोनाची हजेरी द्याची हाय?"

उन्हाळा आला. अकोल्याचा उन्हाळा, म्हणजे दुपारी बारानंतर रस्त्यावर फक्त नाइलाज झालेली माणसं. एका रविवारी दुपारी माझा फोन वाजला. भाऊंचा आवाज ओळखू येत नव्हता. "ताई, मनी गेली. उतानी पडली हाय. काल मी डब्यायत औषध टाकलं होतं. हात धुतले होते हो मी, पन कपड्यायले लागलं असन. माह्याच हातानं..." फोन बंद झाला.

मी नवऱ्याची स्कूटर काढली आणि तोंडाला ओढणी गुंडाळून निघाले. दार उघडंच होतं. कूलरसमोर, ओल्या हवेत, मांजर पाठीवर पडली होती. चारही पाय छताकडे, मान एका बाजूला, तोंड अर्धवट उघडं. भाऊ दोन हात लांब जमिनीवर उकिडवे बसले होते आणि त्यांची जवळ जायची हिंमत होत नव्हती. मी गेले. पोट हलत होतं. वर, खाली, अगदी संथ. मी पोटावर बोट ठेवलं, तशी तिनं एक डोळा उघडला, माझ्याकडे नाखुशीनं पाहिलं, मोठी जांभई दिली आणि कूस बदलून पुन्हा झोपली.

मला हसू आवरेना. वहिनी आतून पाण्याचा तांब्या घेऊन आल्या होत्या, त्याही हसायला लागल्या. "मी सांगून राह्यली होती यायले, घोरून राह्यली हो थे. आयकतेत कुठं?"

भाऊ हसले नाहीत. ते तसेच बसून राहिले आणि तिच्याकडे बघत राहिले. म्हणाले, "सहा वर्षं हे माह्यासंगं होती. मी तिले अशी झोपलेली पाह्यलीच नाही, ताई. थप्पीवर बसे, पाय पोटाखाली, डोळे मिटलेले, कान उभे. मले वाटे, मांजर अशीच झोपते. मी लोकायले सांगे, मांजर बसून झोपते म्हून." मग म्हणाले, "थे झोप नव्हती. थे ड्युटी होती."

सगळं तपासून पाहणारा हा माणूस. किड्याचं बोलणं त्याला पोत्यातून ऐकू यायचं. आणि सहा वर्षं डोळ्यांसमोर बसलेल्या जिवाचं जागरण त्याला झोप वाटली. त्या दुपारी त्यांना स्वतःचा जेवढा राग आला होता, तेवढा मी त्यांना कोणावर रागावलेलं पाहिलं नाही. मला त्यांची फार माया वाटली, आणि असं वाटलं की असला राग आपल्यालाही यायला हवा, कधी तरी, कशावर तरी.

इकडे गोदामात उंदीर शहाणे झाले. महिनाभर मेले, मग डब्यांकडे फिरकेनासे झाले. भाऊंनी डब्यांभोवती कणीक भुरभुरून पाहिली. सकाळी त्यावर पावलं उमटलेली, डब्याला नीट वळसा घालून पोत्यांकडे गेलेली. मला ती दाखवताना म्हणाले, "पाहा, रस्ता कसा वळवला त्यायनं. आपल्या नगरपालिकेले जमत नाही." पण पोती कुरतडली जात होती. माझ्या ताटात, निवडलेल्या तुरीत, लेंड्या यायला लागल्या. त्या मोठ्या कंपनीनं तोवर माल घ्यायला नकारच दिला होता, कारण दर जमला नाही. एकदा ते ताट घेऊन मी मालकांच्या खोलीत गेले. त्यांनी डोक्याला हात लावला, तेव्हा मी पटकन बोलून गेले, "मग आता ती मांजर परत आणायला काय हरकत आहे?"

मालकांना ते पटलं. त्यांनी तिथल्या तिथं भाऊंना बोलावलं. मी लेंड्यांचं ताट हातात घेऊन तशीच उभी.

"पुंडलिकभाऊ, औषधाचे डबे उचला सगळे. अन् मांजर आना वापस. उद्यापासून."

भाऊ म्हणाले, "नाही, मालक."

मालकांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मलाही तेच वाटलं. एकतीस वर्षांत या खोलीत भाऊंनी "हो मालक" शिवाय काही म्हटल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

"काय झालं? घरी बिमार हाय का?"

"बिमार नाही. चांगली हाय." भाऊंनी हात पाठीमागे नेले. "तुमी म्हनसान तं मी रातभर काठी घेऊन बसतो गोदामात. उंदरायच्या मागं मी फिरतो. पगारातून कापा म्हनसान तं कापा. पन थे येत नाही."

"अरे, मांजरच हाय नं थे? कामाचीच होती."

"कामाची होती म्हून तं," भाऊ म्हणाले. "सहा वर्षं थे जागी होती, मालक, अन् मले समजलं नाही. आता तिले झोप समजली. अशा जिवाले वापस पाहाऱ्यावर बसवाचं म्हनजे मले जमत नाही. दुसरं कोनी बसवत असन तं बसवो."

 मालकांनी माझ्या हातातल्या ताटाकडे पाहिलं, मग भाऊंकडे, आणि म्हणाले, "बरं. राहू द्या तिले. जाळी मारून घ्या मागच्या भिंतीले." नंतर ते फोनवर बोलायला लागले, म्हणजे आम्ही जावं.

बाहेर व्हरांड्यात मी भाऊंना गाठलं. म्हटलं, "भाऊ, माझं चुकलं. मांजरीचं मालकांना मीच सुचवलं."

"माहीत हाय मले," ते म्हणाले. रागानं नाही, साधंच. एवढंच म्हणून ते दोन पावलं पुढे गेले, मग वळले. "पन तुमी तं तिले झोपलेली पाह्यली होती, ताई."

आणि ते गोदामाकडे निघून गेले. मी ताट घेऊन टेबलाशी आले, ते खाली ठेवलं, आणि किती तरी वेळ मला त्यात हात घालवेना.